सोलापुरात लोखंड-काचेचं घर बांधताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

घरमालक मोबाइलवर फोटो दाखवतो. काळे लोखंडी खांब, जमिनीपासून छतापर्यंत काच, मधेच एखादी लाल नाहीतर पिवळी भिंत. "असंच पाहिजे." फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंडकामाचा ठेकेदार, फोटो बघतो आणि चौरस फुटाचा भाव सांगून टाकतो. तिथून पुढे सगळं काम उलटं चालतं. काच आधी ठरते, मग तिला धरणारं लोखंड, मग छत. सावलीचा विचार पहिल्या एप्रिलमध्ये होतो, जाड पडदे शिवायला टाकताना.

विटांच्या किंवा आरसीसीच्या घरात चुकलं तर जागेवर सावरता येतं. थोडं तोडायचं, थोडं भरायचं, वरून प्लास्टर. इथे तसं होत नाही. टफन (तापवून कणखर) केलेली काच एक मिलिमीटरही कापता किंवा घासता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. एखादा टप्पा आवडत नसला तरी त्याची जागा बदलू नका.

## टप्पा १: आधी ऊन मोजा

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीला तो किंचित उत्तरेकडेच असतो. २१ डिसेंबरला मात्र दुपारी तो दक्षिणेच्या आकाशात ४९ अंशांपर्यंतच चढतो. छज्जे किती काढायचे ते या दोन गोष्टींवर ठरतं.

दक्षिणेची बाजू सोपी आहे. सात फूट उंच काचेवर २१ मार्चच्या मध्यान्हीचं ऊन पडू नये म्हणून सव्वादोन फुटांचा छज्जा पुरतो. अडीच फूट काढा. मार्च ते सप्टेंबर दुपारची काच सावलीत राहील, हिवाळ्यात ऊन आत येईल, आणि ते हवंच असतं.

पश्चिम बाजू घात करते. मेमध्ये साडेचारला सूर्य साधारण ३२ अंशांवर असतो. त्या उन्हापासून सात फुटांची काच छज्ज्याने झाकायची तर छज्जा अकरा फुटांचा लागेल. तसा कुणी काढत नाही. काढतात दीड-दोन फुटांचा आणि समजतात काम झालं. पश्चिमेला आडवा छज्जा उपयोगाचा नाही, तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, सरकते झडप, झाड किंवा सरळ भरीव भिंत लागते.

आकडा डोळ्यांसमोर असू द्या. सहा बाय सात फुटांचं साध्या काचेचं दार म्हणजे जवळजवळ चार चौरस मीटर. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला सहाशे वॅटच्या वर ऊन पडतं, आणि साध्या पारदर्शक काचेतून त्यातलं ऐंशी टक्के आत येतं. म्हणजे एका दारातून सुमारे दोन किलोवॅट उष्णता. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, तेव्हा निम्म्याहून जास्त एसी नुसत्या त्या दाराला लागला.

उत्तरेची काच सगळ्यांत निर्धोक. फक्त मे ते जुलै सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन तिथेही लागतं, त्याला काचेच्या दोन्ही कडांना उभी पट्टी लागते.

थांबा: फोटोतलं घर कुठलं आहे ते विचारा. अशा फोटोंत चार्ल्स आणि रे ईम्स यांचं १९४९ मधलं कॅलिफोर्नियातलं घर हमखास असतं. ते पॅसिफिक महासागराच्या काठाजवळ आहे, पूर्वेकडे तोंड करून, आणि समोर निलगिरीच्या झाडांची रांग. तसला समुद्रवारा आणि तसली झाडं विजापूर रोडच्या मोकळ्या प्लॉटवर नाहीत.

तपासा: प्लॉटवर सहा फुटांचा बांबू उभा करा आणि दुपारी साडेचारला सावली कुठे आणि किती लांब पडते ते नकाशावर उतरवा. शेजारच्या दुमजली घराची सावली मिळत असेल तर तीही काढा, पण तिच्या भरवशावर राहू नका. शेजारी उद्या काय पडेल आणि काय उभं राहील ते आपल्या हातात नसतं.

## टप्पा २: भरीव काय आणि उघडं काय

आता खोल्या. जिना, न्हाणीघर, कोठी, भिंतीतली कपाटं ही सगळी पश्चिमेला लावा आणि तिथली भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भरीव ठेवा. बसायची खोली, स्वयंपाकघर आणि अभ्यासाची जागा उत्तरेकडे किंवा आतल्या चौकाकडे उघडा. सगळ्या बाजूंनी काच हा हट्ट सोडलात तर एका बाजूला चांगली काच घ्यायला पैसे उरतात.

याच वेळी तीन गोष्टी नकाशावर आल्या पाहिजेत. त्या हमखास राहून जातात.

कूलर. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा कोरडी असते, त्यामुळे एसी घेतला तरी कूलर सुटत नाही. कूलरला बाहेरची हवा लागते आणि खोलीतून हवा निघून जायला समोर उघडी जागा लागते. अखंड बंद काच बसवल्यावर कूलर कुठे ठेवणार? त्याची झडप, पाण्याचा नळ आणि प्लग आत्ताच दाखवा.

डासांची जाळी. सरकत्या काचेच्या दाराला दोन रुळांची चौकट घेतली की जाळीला जागा राहत नाही. तीन रुळांचीच घ्या.

रात्र. दिवसा बाहेरून काचेतून फारसं दिसत नाही, दिवे लागले की सगळं घर रस्त्यावर येतं. आरशाच्या काचेनेही हे टळत नाही, रात्री तिचं उलट होतं. पडद्याची पट्टी छतात लपवायची असेल तर तुळईची आणि फॉल्स सीलिंगची मापं आत्ता ठरवावी लागतात.

पट्ट्या, पर्गोला आणि छज्जे सामासिक अंतरात (प्लॉटच्या हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेत) किती पुढे येऊ शकतात हे आर्किटेक्टकडून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे लेखी घ्या आणि मगच महापालिकेत नकाशा सादर करा. मंजुरीनंतर छज्जा कापला गेला तर टप्पा १ पुन्हा करावा लागतो.

## टप्पा ३: जमीन आणि बोल्ट

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. लोखंडी घर वजनाला हलकं, म्हणून पाया उथळ चालेल असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. हलक्या घराला फुगणारी माती जास्त सहज उचलते, आणि खांब पाच-सात मिलिमीटर वर आला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या काचा अडकतात. प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत चाचणीचे खड्डे घ्या, पक्का मुरूम किंवा खडक कुठे लागतो ते बघा आणि पाया तिथपर्यंत न्या. किती खोल हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवेल.

आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस जोराचा असतो. खोदाई ऑक्टोबरच्या मध्यानंतर धरली तर पाया दिवाळीच्या आसपास, लोखंड थंडीत आणि काच वळवाच्या पावसाआधी बसते.

लोखंडी खांब तळाच्या बेसप्लेटसकट काँक्रीटच्या पेडेस्टलवर (ठोकळ्यावर) बसतो आणि त्याला काँक्रीटमध्ये गाडलेले अँकर बोल्ट धरतात. हे बोल्ट काँक्रीट ओतताना हलतात. मिस्त्री म्हणेल, "बसतंय की ओ, नंतर भोक मोठं करून घेऊ." बेसप्लेटचं भोक गॅसने मोठं केलं की बोल्टची पकड गेली. त्यापेक्षा बेसप्लेटच्याच भोकांची लोखंडी टेम्प्लेट करा, बोल्ट तिच्यात वर-खाली नट लावून घट्ट करा आणि मगच काँक्रीट ओता.

तपासा: काँक्रीट ओतण्याआधी आणि ओतल्यावर लगेच, दोन्ही वेळा, सगळ्या खांबांच्या मध्यरेषांमधली अंतरं आणि चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर काँक्रीट ओलं असतानाच दुरुस्त करा. मोजपट्टी एकच वापरा. दोन टेपांमध्ये फरक असतो.

पेडेस्टलचा माथा बाहेरच्या फरशीच्या वर ठेवा. बेसप्लेट मातीत किंवा फरशीखाली गाडली की तिथे पाणी साठतं आणि खांब खालून गंजायला लागतो. वरून रंग छान दिसत राहतो, त्यामुळे कळतं उशिरा.

## टप्पा ४: लोखंड

रंग सगळ्यांत शेवटी दिसतो, पण तो या टप्प्याआधी ठरला पाहिजे, कारण प्रायमर रंगावर अवलंबून असतो. वर पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारायचा असेल तर खाली दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर लागतो. फॅब्रिकेटर सवयीने रेडऑक्साइड मारून ठेवतो, त्यावर पीयू मारला की त्यातल्या तीव्र द्रावणाने खालचा थर सुरकुततो. मग सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून.

इंजिनिअरच्या नकाशावरून फॅब्रिकेटरने प्रत्येक तुकड्याचा वेगळा नकाशा काढायला हवा: लांबी, भोकं, प्लेट, वेल्ड. हा नकाशा नसेल तर कापाकापी सुरू करू देऊ नका.

माल आला की वजन करून घ्या. बाजारात पातळ पाइप सर्रास जाड म्हणून विकला जातो. १०० बाय १०० मिलिमीटरचा, ४ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप सहा मीटर लांबीला सत्तर किलोच्या आसपास भरतो. साठ भरला तर तो ४ मिलिमीटरचा नाही. पाइपांची तोंडं प्लेट लावून वेल्डने बंद करा. उघड्या तोंडातून पाणी शिरलं की पाइप आतून गंजतो.

जेवढं वेल्डिंग आहे तेवढं वर्कशॉपमध्ये, जागेवर फक्त बोल्ट, हे धोरण ठेवा. शिडीवर उभं राहून, वाऱ्यात, दमट रॉडने केलेल्या वेल्डवर घर उभं करायचं कारण नाही. काही वेल्ड जागेवर करावेच लागले तर ते कुठले हे इंजिनिअर ठरवेल, मिस्त्री नाही. किल्लारीचा १९९३ चा भूकंप जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना सांगावा लागत नाही. भूकंपात लोखंडी सांगाडा टिकतो की नाही हे त्याच्या सांध्यांवर ठरतं.

दोन खांबांमधल्या सहा मीटरच्या गाळ्याला २५० मिलिमीटरची, इंग्रजी I आकाराची तुळई लागू शकते. ती मीटरला ३७ किलोच्या पुढे, म्हणजे एक नग सव्वादोनशे किलोचा. तो चार माणसांनी बांबूवर चढवायचा नसतो, हायड्रा (फिरती क्रेन) लागतो. हायड्रा गल्लीत वळतो का, मागच्या खांबांपर्यंत त्याचा हात पोचतो का आणि वरून विजेच्या तारा जातात का, हे आधी बघून ठेवा. जुन्या पेठांमध्ये या एका कारणासाठी तुळया दोन तुकड्यांत करून बोल्टने जोडाव्या लागतात, आणि तो जोड कुठे घ्यायचा हे नकाशातच हवं.

खांब उभे केल्यावर ओळंबा लावा, तीन मीटरला पाच मिलिमीटरच्या आत आणा, आणि मगच बेसप्लेटखाली न आकसणारं ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरा.

थांबा: खोलीतली तुळई तशीच पुढे काढून बाहेर पर्गोला करू नका. दिसायला सुंदर, पण उन्हात तापलेलं लोखंड तीच उष्णता सरळ आत आणतं. बाहेरच्या सावलीचा सांगाडा वेगळा ठेवा किंवा जोडाच्या जागी उष्णतारोधक पॅड घाला. सहा मीटरचं लोखंड चाळीस अंशांच्या फरकाने जवळजवळ तीन मिलिमीटर लांबतं, हेही धरून चला.

लोखंड आणि ब्लॉकची भिंत जिथे मिळते तिथे दोन्हींवरून सलग प्लास्टर मारलं तर चीर येणारच. दहा-बारा मिलिमीटरची फट ठेवा, खांबाला वेल्ड केलेल्या पट्ट्या ब्लॉकच्या आडव्या सांध्यांत घ्या आणि फट लवचीक सीलंटने भरा.

## टप्पा ५: छत

काचेवर भांडून दमलेला मालक छतावर पैसे वाचवतो. उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त ऊन छतावरच पडतं. नुसता पत्रा तर नकोच. पावसात बोलणंही ऐकू येत नाही.

डेक शीटवर (घडीच्या पोलादी पत्र्यावर) काँक्रीट हा चांगला मार्ग आहे. उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर घाला, खाली नाही. खाली घातला तर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत ती ऊब सोडत बसतो. वर ५० मिलिमीटरचा एक्सपीएस (कडक फोमचा थर), त्यावर वॉटरप्रूफिंग, शंभराला एक उतार आणि शेवटी पांढरी चिनी मोझॅक. जुन्या माळवदाच्या वाड्यांत दुपारी गारवा असायचा तो मातीच्या जाड थरामुळे. तेवढी जाडी आता परवडत नाही, पण पांढरा पृष्ठभाग आणि थर मिळून बरंच साधतं.

## टप्पा ६: काच

सांगाडा उभा, छत झालेलं, चौकटी बसलेल्या आणि रंगाचा निदान पहिला हात झालेला. आता माप घ्या. नकाशावरून काच मागवणं ही या सगळ्या कामातली सर्वांत महाग चूक आहे.

प्रत्येक चौकटीची रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण मोजा. सगळ्यांत लहान माप धरा आणि चारही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर मोकळे सोडा. प्रत्येक चौकटीला नंबर द्या, तोच नंबर काचेच्या ऑर्डरवर घाला. कुलपाची, हँडलची, बिजागरीची भोकं याच कागदावर यायला हवीत. टफन झाल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

कुठली काच कुठे, यात एकच काच सगळीकडे लावायची चूक फार होते. छज्ज्याखालच्या उत्तरेच्या काचेला महागडं कोटिंग नको. पश्चिमेला आणि उघड्या दक्षिणेला दुहेरी, सोलर कंट्रोल कोटिंगची घ्या. कोटेशनवर एसएचजीसीचा (पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते त्याचा) आकडा लिहून मागा: साध्या काचेचा ०.८ च्या आसपास असतो, पश्चिमेला ०.३ किंवा कमी असावा. "एकदम हीटप्रूफ आहे" हे उत्तर चालणार नाही. गडद रंगीत काचेने भागवू नका. ती ऊन स्वतः पिऊन तापते, निम्मी सावलीत आणि निम्मी उन्हात असेल तर तडकू शकते, आणि खोलीत दिवसा दिवा लावायला लागतो.

डोक्यावरची काच आणि वरच्या मजल्याचा कठडा लॅमिनेटेडच हवा, म्हणजे मधे फिल्म घालून दोन काचा चिकटवलेल्या. नुसती टफन फुटली की चुरा होऊन खाली पडते.

तपासा, काच उतरवून घेताना: टफनवर कोपऱ्यात शिक्का असतो. पोलराइज्ड गॉगल लावून तिरपं पाहिलं तर टफन काचेत डाग-पट्टे दिसतात. दुहेरी काचेसमोर लायटर पेटवा: चार प्रतिबिंबं दिसतील, त्यांतलं एक वेगळ्या रंगाचं म्हणजे कोटिंगची बाजू. आपल्या हवेसाठी ते बाहेरच्या काचेच्या आतल्या पृष्ठभागावर हवं, म्हणजे बाहेर उभं राहून पाहिलं तर जवळून दुसरं. कडेला खपली उडालेली काच परत पाठवा. ती आज नाही तर मेमध्ये जाते.

काच एका मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. म्हणून सहा-सहा मिलिमीटरची दुहेरी काच चौरस मीटरला तीस किलो, आणि टप्पा १ मधलं दार सव्वाशे किलोच्या घरात. सरकत्या दाराची चाकं त्या वजनाची घ्या आणि बसवायला काच उचलायचे व्हॅक्यूमचे कप असलेली माणसं बोलवा.

बसवताना काच कुठेही लोखंडाला टेकता कामा नये. खालच्या कडेला, दोन्ही टोकांपासून पाव लांबीवर, कडक रबराचे ठोकळे ठेवा. खालच्या पट्टीला पाणी निघायला भोकं हवीत आणि ती सिलिकॉनने बुजवू नयेत. बुजवलेली भोकं फार ठिकाणी दिसतात. सिलिकॉन न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताच्या थराला आणि लॅमिनेटेड काचेच्या कडेला खातं.

थांबा: काच बसल्यावर आसपास ग्राइंडर आणि वेल्डिंग बंद. ठिणग्या काचेत रुततात आणि ते काळे ठिपके कधीच निघत नाहीत.

## टप्पा ७: रंग

रंग टप्पा ४ च्या आधीच ठरवायचा आहे; तेव्हा त्याचा नमुना कार्डावर बघू नका. दोन बाय दोन फुटांचा पत्रा त्याच प्रायमर-रंगाने रंगवा, प्लॉटवर उभा करा, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला बघा. भर दुपारी फिके रंग पांढरेच वाटतात. आठवडाभर तो तसाच राहू द्या म्हणजे धूळ बसल्यावर कसा दिसतो तेही कळेल.

जागा अशी वाटा: छत, पश्चिम आणि दक्षिण यांना फिकट, गडद आणि भडक रंग उत्तरेला, छज्ज्याखाली आणि घरात. काळं लोखंडच हवं असेल तर ते सावलीतलं. पश्चिमेच्या जिन्याचा काळा कठडा मेमध्ये लहान मुलाला धरता येत नाही. लाल-पिवळ्या रंगांत काही रंगद्रव्यं उन्हाने लवकर उडतात. लोहाच्या ऑक्साइडचे तांबडे, गेरूसारखे रंग खूप टिकतात.

किती रंग? माझं मत: सांगाड्याला एक, उघडणाऱ्या झडपांना एक, भरीव पॅनेलला एक. चौथा आला की घर शाळेच्या स्टेजसारखं दिसायला लागतं. आणि रंग पॅनेलवर आणा, काचेवर नाही.

लावताना: गंज आणि मिलस्केल (नव्या लोखंडावरची काळी खपली) काढून त्याच दिवशी प्रायमर. साधारण ७५ मायक्रॉन एपॉक्सी, वर पीयूचे दोन हात मिळून ५० ते ६०. जाडी मोजायचं यंत्र भाड्याने मिळतं, पेंटरसमोर वापरा. एपॉक्सी उघडा ठेवला तर उन्हात भुकटी सोडतो, त्यामुळे वरचा थर लांबवू नका. डिसेंबरात सकाळी लोखंडावर दव असतं, नऊनंतर सुरू करा. एप्रिलमध्ये तापलेल्या लोखंडावर रंगाला फोड येतात, तेव्हा दुपारी थांबा. पीयू फवारताना साधा रुमाल पुरत नाही, गाळणीचा मास्क हवा.

## टप्पा ८: पाण्याची परीक्षा आणि ताबा

फॉल्स सीलिंग लावण्याआधी नळीने पाणी मारा. खालून वर, एका सांध्यावर पाच मिनिटं, आत एक माणूस उभा. वरून सुरुवात केली तर गळती नेमकी कुठली ते कळत नाही. आपला वळवाचा पाऊस धुळीसकट आडवा येतो, म्हणून नळी तिरपीही धरा. पाणी रोज येत नाही आणि बोअरचं पाणी जड आहे: परीक्षा झाली की काच लगेच रबरी पट्टीने ओढून कोरडी करा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग बसतात. काचेवरची संरक्षक फिल्म उन्हात आठवडेच्या आठवडे ठेवू नका, गोंद चिकटून बसतो.

शेवटचा हप्ता देण्याआधी हातात घ्यायची फाइल: तुकड्यांचे नकाशे, काचेच्या नंबरांची यादी, एसएचजीसी लिहिलेलं बिल, रंगाचे कोड आणि प्रत्येक रंगाचा एक बंद डबा.

ताब्यानंतरच्या पहिल्या ऑक्टोबर महिन्यात एक फेरी मारा. पन्हळीतली धूळ काढा, चौकटीखालची भोकं तारेने मोकळी करा, बेसप्लेटभोवती पाणी साठलेलं दिसतं का बघा, आणि रंगाखाली फुगवटा दिसला तर तेवढा भाग लोखंडापर्यंत घासून त्याच दिवशी एपॉक्सी आणि दुसऱ्या दिवशी पीयू मारा. वरून नुसता रंग फिरवला तर गंज आत पसरत राहतो.